मॉरिशसची सहल, आणि अडलेला एक शब्द

खाडीकाठची (नेरुळ)

नमस्कार मंडळी. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. जानेवारीच्या शेवटी आम्ही तीन शिक्षक आणि १९ मुलं आठ दिवस मॉरिशसला जाऊन आलो. येऊन तीन आठवडे झाले तरी मुलांच्या ग्रुपवर रोज काही ना काही येतंच आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले. शिवाय एका शब्दापाशी गाडी अडली आहे. कोकणातल्या मंडळींची मदत हवी आहे. तो शब्द शेवटी येईल, तेवढं वाचाच.

मुलांना खरं तर थायलंडला जायचं होतं. मॉरिशसचा हट्ट माझा. ऊसमळ्यांवर राबायला १८३४ पासून करारावरचे मजूर तिथे नेले गेले, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून. मुंबईहून गेलेल्या जहाजांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं होती. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज तिथे नांदते आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही. हे मी वर्गात दरवर्षी सांगते. यंदा म्हटलं, एकदा मुलांना दाखवूनच आणू.

समुद्रकिनारे, शामारेलची सप्तरंगी माती, पाम्प्लेमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपानं यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. सुंदरच आहे सगळं. पण मला लिहायचंय ते तीन जागांबद्दल.

पहिली जागा पोर्ट लुई बंदरालगतचा आप्रवासी घाट, हे मजूर जहाजातून उतरायचे तो. आधी याचं नाव कुली घाट होतं, ते १९८७ मध्ये बदललं. २००६ पासून जागतिक वारसा आहे. पाहायला म्हणाल तर थोड्या दगडी भिंती, न्हाणीघराचे अवशेष आणि १६ पायऱ्या. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बेटावर अशी उतरली. गाईडबाईंनी कराराच्या अटी सांगितल्या : पाच वर्षं, महिना पाच रुपये, आणि एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. 'खाडा' हा शब्द माझा, त्या इंग्रजीत बोलत होत्या. मी भाषांतर करत होते आणि तो शब्द तोंडातून आपसूक आला. त्यावर आमचा एक विद्यार्थी, वडील वाशी मार्केटला माथाडी, त्याने विचारलं, "मॅडम, यांची युनियन नव्हती का?" त्या बाईंनी मग १८७१ च्या अर्जाची हकीकत सांगितली. आडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने लिहिलेला अर्ज, खाली ९,४०१ सह्या. पुढच्या वर्षी त्यावर इंग्लंडहून चौकशी आयोग आला. मुलाने तो आकडा वहीत लिहून घेतला. त्या दिवशी वहीत काही लिहून घेणारा तो एकटाच होता.

दुसरी जागा ल मोर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा कातळ. फ्रेंच आणि मग इंग्रज मळेवाल्यांकडून पळालेले आफ्रिकी आणि मालागासी (मादागास्करचे) गुलाम त्याच्या कपारींत लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली. ती बातमी द्यायला शिपाई वर चढले, वरच्यांना वाटलं आपल्याला धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घातल्या, अशी आठवण तिथे सांगतात. नेमके आम्ही १ फेब्रुवारीलाच तिथे होतो. सुट्टीचा दिवस. संध्याकाळी किनाऱ्यावर सेगा (तिथलं नाच-गाणं) चालू होता. रावान म्हणजे त्यातलं वाद्य, बकऱ्याच्या कातड्याचं मोठं कडं. वाजवायच्या आधी एक म्हातारे गृहस्थ ते जाळावर धरून फिरवत होते, मध्येच बोटाने टिचकी मारून कान लावत होते. आमच्या पथकात ताशा वाजवणाऱ्या पोराला राहवेना. तो जाऊन शेजारी उकिडवा बसला आणि खुणेनेच म्हणाला, अजून थोडं. म्हाताऱ्याने कडं त्याच्या हातात दिलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं.

तिसरी जागा पश्चिमेचं कास्काव्हेल गाव. इथे मराठी घरं पुष्कळ. घरात बोलणं क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंच शब्दांवर वाढलेल्या तिथल्या बोलीत. मराठी देवापुढे आणि गाण्यात. एका घरी जेवण होतं : केळीच्या पानावर भात, सात भाज्या, आणि धोल पुरी. ही आपल्या पुरणपोळीची न-गोड बहीण, आत चण्याच्या डाळीचं सुकं पुरण. भेंडीला ते लालो म्हणतात, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम. जेवल्यावर अंगणात झाकरी झाली. आपली जाखडी, बाल्या नाच! मधे मृदंग आणि गाणारे, भोवती फेर, पायांत चाळ. आमची कोकणातली तीन मुलं न सांगता फेरात शिरली.

आता शब्द. एका गाण्याच्या पालुपदात तीनदा 'वायनी' येतं. अर्थ कोणालाच माहीत नव्हता. गाणी वहीत रोमन अक्षरांत, फ्रेंच वळणाने लिहिलेली. गाणाऱ्या काकूंनी मला विचारलं, बाई, तुम्ही मराठीच्या, हे काय आहे? मी दोनदा ऐकलं आणि सांगितलं, हे 'वहिनी' असणार, बोलीत असं होतं. काकूंना फार आनंद झाला. माझ्यासमोर निळ्या पेनाने वहीतला शब्द खोडून त्यांनी 'वहिनी' केलं.

परतताना बसमध्ये एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. संगमेश्वरकडची, इथे घणसोलीला मामाकडे राहून शिकते. म्हणाली, "मॅडम, वहिनी नसेल ते. माझी आजी असं काहीतरी म्हणते, स्वयंपाकघराचं काहीतरी. पण मला नीट आठवत नाही." मग तिथेच का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना." आणि बऱ्याच वेळाने, "आणि मी तसं बोलले की मुलं हसतात."

मला तेव्हापासून चैन नाही. पाच पिढ्या जपलेला शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला गेला आहे. आजी गावी आहे, फोनवर तिला ऐकू येत नाही. कुणाला काही ठाऊक आहे का?

---

पारसिक (कळवा)

लेख मनापासून आवडला. घाटावरच्या 'खाडा' शब्दापाशी थांबलो. एक शंका : 'वायनी' म्हणजे 'वायंगणी' असू शकेल का? कोकणात पाण्याच्या सोयीच्या जागी हिवाळ्या-उन्हाळ्यात भाताचं दुसरं पीक घेतात, ते वायंगण. आमच्या राजापूरकडे हा शब्द सर्रास आहे. गाण्यात अक्षरं गळून 'वायनी' होऊ शकतं.

---

घोडबंदरची_आई

ताई, राग मानू नका, स्पष्ट लिहिते. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. ठाण्यात प्रत्येक शाळा-कॉलेज हल्ली परदेश सहल काढतं आणि 'ऐच्छिक' म्हणतं. जी मुलं जात नाहीत ती आठवडाभर रिकाम्या वर्गात बसतात. खर्च किती आला आणि ज्यांना परवडलं नाही त्यांचं काय केलंत, तेही लिहा. सहल चांगली झाली यात शंका नाही.

---

खाडीकाठची (नेरुळ)

राग कसला, विचारायलाच हवं. माणशी ८६ हजार आले, त्यातला निम्म्याहून जास्त भाग विमानाचा. भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि ऑनलाइन अर्ज एवढं लागतं. चार मुलांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी उभे केले. एकाच्या वडिलांनी भिशी उचलली. तरीही दोन मुली राहिल्या. एकीचा पासपोर्ट वेळेत झाला नाही, दुसरीच्या घरून पैसे घ्यायलाच नकार आला. तिला मी समजावू शकले नाही. ती वर्गात पहिली येते आणि आप्रवासी घाटावरचा प्रकल्प तिनेच लिहिला होता. तिचीच टिपणं घेऊन मी तिथे बोलत होते. याची बोचणी आहे आणि ती जाणार नाही.

आणखी एक, पुढे जाणाऱ्यांसाठी. आमच्या ट्रॅव्हल एजंटने ऐन वेळी घाट रद्द करून त्या जागी बोटीची सफर आणि खरेदी घातली होती. विमानतळावर छापील कार्यक्रम हातात आला तेव्हा कळलं. भांडून परत घालून घेतला. कार्यक्रम लेखी घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा.

पारसिक, वायंगणाचा विचार मी केला नव्हता. लिहून ठेवते.

---

दिवाळे_बंदर (बेलापूर)

मी कोळीवाड्यातला. सेगाबद्दल अजून लिहा की! पाय कसे टाकतात? आणि मासेमारी बघितली का तिकडची?

---

खाडीकाठची (नेरुळ)

सेगात पाऊल जमिनीवरून उचलायचं नाही, घासत सरकायचं. नाचते ती कंबर आणि हात. रावानबरोबर माराव्हान असते, म्हणजे पोकळ काड्यांची चपटी पेटी, आत बिया, आडवी हलवायची. जोडीला लोखंडी त्रिकोण. एवढ्या तीन वाद्यांवर तासभर. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. गुलामांना मालकांचं दिवसभराचं काम संपल्यावर जो वेळ मिळे त्यात हे जन्मलं, कातडं बकऱ्याचं आणि गाणं दिवसभरात घडलेल्याचं. आमच्या मुलींनी शेवटी तुमचं कोळी नृत्य करून दाखवलं, वल्ह्याच्या हातांचं. तिथल्या बायकांनी ते दोन मिनिटांत उचललं. मासेमारी बाहेरून पाहिली. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी शांत, त्यात लहान होड्या. ऑक्टोपसला ते उरीत म्हणतात आणि उन्हात दोरीवर वाळत घालतात.

---

दिवाळे_बंदर (बेलापूर)

म्हणजे आमच्या वलांडीवरच्या बोंबलासारखे! आईला वाचून दाखवलं. ती विचारते, प्रवाळाची भिंत आहे तर मोठ्या बोटी आत शिरतात कुठून? तिला आपली खाडी गाळाने भरत आलेली दिसते, म्हणून तिला पाण्याचंच आधी सुचतं.

---

कोपरखैरणे_सेक्टर_१५

घाटावर युनियनचा प्रश्न विचारणारा तो मी. मॅडमनी लिंक पाठवली म्हणून इथे खातं उघडलं. मी कधी असं लिहिलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. बाबा २६ वर्षं कांदा-बटाटा मार्केटला आहेत. अण्णासाहेब पाटलांचा फोटो घरात देवाशेजारी आहे, १९६९ चा माथाडी कायदा काय होता ते मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. त्या आधी मुकादम सांगेल ती मजुरी, सुट्टी नाही, दुखलं-खुपलं तर घरी बस. हे आजोबा सांगायचे. म्हणून 'दोन दिवसांची मजुरी कापायची' ऐकलं तेव्हा प्रश्न आपोआप तोंडातून गेला.

घाटाजवळच्या दालनात जुनी कागदपत्रं मांडली आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. १८६७ नंतर तर मजुरांना फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागायचा. त्या फोटोंत एक माणूस होता, पागोटं, बंडी, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. तो सातारचा होता की बिहारचा, मला माहीत नाही. बाबांचा खांदा तसा आहे. मी बाबांना रात्री व्हिडिओ कॉल केला. तिथे दीड तास मागे असतं, इकडे ते मार्केटला निघायच्या तयारीत होते. मी म्हणालो, इथे कुली घाट होता. ते म्हणाले, "कुली नको म्हणू, कामगार म्हण." मी सांगितलं, त्यांनी पण नाव बदललंय, १९८७ ला. तेव्हा म्हणाले, "मग बरोबर."

उसाच्या शेतांत मधेमधे काळ्या दगडांचे डोंगर रचलेत. ज्वालामुखीची जमीन, सगळा दगड. लागवडीसाठी तो वेचून मजुरांनी एकेक ढीग घातला. बसमधून जाताना मी मोजायला लागलो होतो. चाळीसच्या पुढे सोडून दिलं.

---

घोडबंदरची_आई

बाळा, फार छान लिहिलंस. लिहीत राहा. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

---

चिपळूण_ते_ठाणे

वय ७१. आयुष्यभर शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या ऐकल्या, तरुणपणी लालबागला गिरणीकामगारांच्या मंडळात नाचलो. जाखडी समुद्रापलीकडे पोचली आणि टिकली हे वाचून डोळे भरून आले.

ताई, वहिनीही नव्हे आणि वायंगणही नव्हे असं माझं मत आहे. पालुपदात तीनदा येतं म्हणजे जागा असावी. तुम्ही व्याकरण शिकवता. घरी, दारी, रानी, तसं 'वायनी'. शेवटची ई सप्तमीची घ्या. मग मूळ शब्द 'वायन' राहतो. आमच्या लहानपणी हा शब्द होता, दगडाशी संबंध होता, एवढं ठामपणे आठवतं. नेमकी वस्तू डोळ्यांसमोर येत नाही. ती मुलगी शिमग्याला गावी जाईल ना? तिच्या आजीला विचारू द्या. माझ्या सांगण्यावर आता काही खोडू नका.

---

खाडीकाठची (नेरुळ)

काका, घरी, दारी, वायनी! हे मला तिथे अंगणात दिसायला हवं होतं. ती मुलगी शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने शिमग्याला जाते आहे. तिला फोनमध्ये गाणं दिलंय. तोवर थांबू या.

---

वाकोआची (मॉरिशस)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी मॉरिशसमध्ये प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. ज्या काकूंच्या वहीचा उल्लेख झाला आहे त्या माझ्या आईच्या चुलत बहीण. माझी मराठी पुस्तकी आहे, क्षमा करावी.

आमच्याकडे आडनावांचीही अशीच गोष्ट झाली. नोंद करणाऱ्या कारकुनाने जे ऐकले ते आपल्या वळणाने लिहिले. पुष्कळदा पूर्वजाचे पहिले नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून मूळ आडनाव अनेकांना शोधावे लागते. आम्ही अजून शोधत आहोत.

बाईंनी वाईट वाटून घेऊ नये. आमच्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी आहे, मराठी नाही. आमचा समाज लहान आहे. त्यामुळे महाराष्ट्रातून कोणी आले की आम्ही जे विचारतो त्याचे उत्तर खरे मानतो. पुढच्या वेळी आम्हीही थांबून विचारू. काकूंना मी सांगितले आहे, तो शब्द अजून पक्का नाही. आजींचे उत्तर आले की कृपया इथेच लिहावे.

---

पारसिक (कळवा)

वाकोआची, तुमची मराठी उत्तम आहे. इथे येत राहा.

---

संगमेश्वरची_नात (घणसोली)

आजीला सापडलं. म्हणजे तिला सापडायचं काहीच नव्हतं, तिला माहीतच होतं.

पालखी घरी येऊन गेल्यावर दुपारी तिच्या कानाला फोन लावून गाणं ऐकवलं. तिसऱ्या ओळीला ती स्वतःच म्हणायला लागली. चाल थोडी वेगळी, पण शब्द तेच. मग मी विचारलं, वायनी म्हणजे वहिनी का गं? ती म्हणाली, "अगो, वायन म्हंजे वायन. जमिनीत पुरलेला दगूड. त्यात भात घालायचा नि मुसळानं कांडायचा." मला हाताला धरून मागीलदारी घेऊन गेली. पायरीच्या बाजूला शेणाने सारवलेल्या जमिनीत एक दगड आहे, जमिनीच्याच पातळीला, मध्ये वाटीसारखा खोल आणि आतून गुळगुळीत. मी लहानपणापासून त्याच्यावरून उडी मारून जाते. त्याला नाव असेल असं कधी डोक्यात आलं नाही. तिची धाकटी जाऊ त्याला 'व्हायन' म्हणते.

पहाटे दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारायच्या आणि ताल धरायला गाणं म्हणायच्या, ते हे गाणं. पुरुषांनी जाखडीत कधी घेतलं ते आजीला ठाऊक नाही. काका, तुमची सप्तमी बरोबर. 'वायनी' म्हणजे वायनापाशी.

आजीने एकच विचारलं, "तिकडं भात करतात काय?"

---

चिपळूण_ते_ठाणे

वायन! आता दिसलं. आमच्या माजघरात होतं, आईने त्यावर पाट झाकला होता. पोरी, आजीला माझा दंडवत.

---

खाडीकाठची (नेरुळ)

मी आत्ता कॉलेजात हे वाचलं आणि तास संपायची वाट पाहिली नाही. वर्गात उभं करून तिलाच सांगायला लावलं, तिच्या बोलीत. कोणी हसलं नाही.

वाकोआची, काकूंना कळवाल ना?

---

वाकोआची (मॉरिशस)

कळवले. फोनवरच त्यांनी वही आणली आणि 'वहिनी'वर रेघ मारली. खाली पुन्हा जुना शब्द लिहिला, या वेळी मी सांगितला तसा देवनागरीत.

आजींना माझे उत्तर सांगावे. नाही, इथे भात होत नाही. सगळीकडे ऊस लावला गेला. मजुरांना शिधा म्हणून तांदूळ मिळे, तो भारतातून जहाजाने पोत्यांत येई. आजही तांदूळ बाहेरूनच येतो. म्हणून आमच्या घरांत वायन नव्हते, मुसळ नव्हते. पहिल्या बायकांना शब्द माहीत होता, त्यांच्या मुलींना कांडायला काही नव्हते. गाणे मात्र त्या म्हणत राहिल्या.

काकूंनी एक विनंती केली आहे. त्या दगडाचा फोटो पाठवावा, आणि शेजारी आजी उभ्या असाव्यात, म्हणजे तो केवढा आहे ते कळेल.